तीनशे पेट्या, एक शिडी

चोरीच्या सिनेमाचे नियम आता आपल्याला पाठ झालेत. चोर देखणा हवा, निदान बोलायला तरी गोड हवा. आत जायचं दार बंद हवं. आतलं कोणीतरी फुटलेलं हवं. पहारेकऱ्याला नेमक्या वेळी डुलकी लागायला हवी. आणि शेवटी आपण सगळे चोराच्या बाजूने असायला हवं. आमच्या पिढीने 'मनी हाईस्ट'मधल्या प्रोफेसरसाठी रात्री जागवल्या, आजोबांच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांच्या काळापहाडासाठी. तिजोरी उघडली की आपण मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. तिजोरी कोणाची होती, हे विचारायच्या मूडमध्ये आपण नसतो.

मी अलिबाग तालुक्यातला. पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अशाच एका चोरीची गोष्ट सांगितली जाते. तिच्यात गोडबोल्या चोर आहे, वेषांतर आहे, दारू आहे, झोपलेले पहारेकरी आहेत. फरक एवढाच, की चोरीला गेली ती तिजोरी नव्हे. चोरीला गेलं एक अख्खं बेट. पुढे त्याच बेटावर उलटी घरफोडी करायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा झाला आणि तो कधीच जमला नाही.

बेटाचं नाव जंजिरा.

पाहुणा

मुरुडच्या थोडं दक्षिणेला राजपुरी आहे. तिथल्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं. किल्ला समोर दिसत असतो, पण दरवाजा दिसत नाही. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या बेचक्यात तो एकदम उघडतो. बांधणाऱ्याला चोरांची धास्ती होती, हे सांगायला दुसरा पुरावा नको. ही धास्ती त्याला का असावी, हे पुढे कळेलच.

'जंजिरा' हा शब्द अरबीतल्या 'जझीरा'वरून आला. अर्थ साधा, बेट. या दगडी किल्ल्याच्या आधी तिथे कोळ्यांचा मेढेकोट होता. मेढे म्हणजे लाकडाचे जाड ओंडके. ते एकमेकांना लगटून रोवायचे आणि कुंपण करायचं. समुद्री चाच्यांचा उपद्रव होता, म्हणून कोळ्यांनी राजपुरीच्या ठाणेदाराची परवानगी काढून हा कोट उभा केला. त्यांचे प्रमुख राम पाटील. कोट झाला, चाच्यांची भीती गेली, आणि मग पाटलांनी ठाणेदाराचं ऐकणंही सोडलं. बेट आमचं, कोट आमचा, समुद्र तर आमचाच.

तिकडे १४९०च्या सुमारास अहमदनगरची निजामशाही नुकती उभी राहत होती. नव्या राज्याला बंदरं हवी होती आणि बंदराच्या तोंडावर एक न ऐकणारा पाटील बसला होता. त्याच्यावर नेमला गेला पिरमखान.

पुढचं गोष्टीतलं. पिरमखानाला माहीत होतं की लढाईच्या गलबतांना पाटील फिरकू देणार नाहीत. म्हणून तो व्यापारी बनून आला. खाडीत नांगर टाकला. ओळख काढली, भेटी पाठवल्या, येणं-जाणं वाढवलं. दारूची पिंपं नजर केली. मग म्हणाला, तुमचा कोट पाहायची फार इच्छा आहे. पाटलांनी पाहुण्याला आत घेतलं. रात्री बैठक बसली. कोळी दारू पिऊन पडले, पिरमखानाने गलबतांवरची माणसं बोलावली आणि सकाळपर्यंत कोट त्याचा झाला.

हिचंच दुसरं रूप आणखी फिल्मी आहे. इंग्रज सरकारने १८८३ साली कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटिअर छापलं, त्यात ते नोंदवलंय. त्यात व्यापारी म्हणतो, माझ्याकडे तीनशे पेट्या आहेत, जरा उतरवू का? राम पाटील हो म्हणतात. प्रत्येक पेटीत एकेक शिपाई.

पेटीतला माणूस शिंकला तर?

हे वाचल्यावर मी सगळ्यात आधी हिशेब केला. सवय. एक माणूस, एक तलवार, वर लाकडाची पेटी. ऐंशी-पंचाऐंशी किलो धरा. तीनशे पेट्या म्हणजे पंचवीस टन. एक पेटी उचलायला चार माणसं. गलबतातून होडीत, होडीतून बेटावर, तेही भरती-ओहोटी सांभाळून. या सगळ्या वेळात तीनशेपैकी एकानेही शिंकायचं नाही, खोकायचं नाही, बोट लागलं म्हणून ओकायचं नाही. पेटी उलटी ठेवली गेली तरी हूं की चूं करायचं नाही. आणि पेट्या वाहणाऱ्या एकाही माणसाने म्हणायचं नाही, की बाबा, हे रेशीम भलतंच जड आहे.

एवढा शिस्तीचा प्रोजेक्ट मी तरी अजून पाहिलेला नाही.

शिवाय ही युक्ती ओळखीची वाटते, कारण ती खरंच ओळखीची आहे. ट्रॉयच्या लाकडी घोड्यात सैनिक लपले होते. अलिबाबाच्या गोष्टीत चोर तेलाच्या रांजणांत लपतात. आणि या दोन्हींशी नातं सांगणारी एक कथा तीन हजार वर्षांहून जुन्या इजिप्शियन पपायरसवर सापडली आहे. फेरो तिसरा थुटमोस याचा सेनापती जोप्पा हे शहर घेण्यासाठी दोनशे टोपल्यांत दोनशे सैनिक घालून भेट म्हणून आत पाठवतो. जोप्पा म्हणजे आजच्या इस्रायलमधलं जाफा. तेही बंदरच.

थोडक्यात, ही गोष्ट बंदराबंदराने फिरणारी आहे. जहाजांबरोबर मसाले जातात, तशा गोष्टीही जातात. राजपुरीच्या खाडीत ती कधीतरी उतरली आणि पिरमखानाच्या अंगाला फिट बसली. मग पेट्या वजा केल्या, पिंपं वजा केली, तर हातात काय उरतं? बेटावर कोळ्यांचा कोट होता आणि नंतर तो त्यांचा राहिला नाही. लाकूड गेलं, दगड आला, आणि पुढे तिथे सिद्दी आले. आफ्रिकेतून आलेली ही माणसं. त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले होते. त्यांनी या बेटावर राज्य उभं केलं आणि ते थेट १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकवलं. ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे.

मला इथे राम पाटलांबद्दल बोलायचंय. कारण मी ऐकलेल्या प्रत्येक कहाणीत पिरमखानाला 'चतुर' हे विशेषण मिळतं आणि राम पाटलांच्या वाट्याला एकच क्रियापद येतं: झिंगले.

दार कोण उघडतं?

माझ्या क्षेत्रात या प्रकाराला 'सोशल इंजिनिअरिंग' म्हणतात. म्हणजे यंत्रणा फोडायची नाही, यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाशी गोड बोलायचं. घोड्याची गोष्ट तर आमच्या रोजच्या शब्दांत जाऊन बसली आहे. चांगला प्रोग्राम असल्याचं सोंग घेऊन आत शिरणाऱ्या व्हायरसला आम्ही 'ट्रोजन'च म्हणतो. सुरक्षेच्या ट्रेनिंगमध्ये एक उदाहरण हमखास येतं. ऑफिसचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. बाहेर एक माणूस उभा आहे, त्याच्या दोन्ही हातांत खोकी आहेत. कार्ड काढायला हात मोकळा नाही. तुम्ही काय कराल? तुम्ही दार धरून उभे राहाल. सगळेच राहतात.

हातात खोकी. म्हणजे पुन्हा पेट्याच.

ट्रेनिंगमध्ये यावर उत्तर असतं: दार उघडू नका. ऑफिसपुरतं ते ठीक आहे. पण बंदराचं काय? बंदराचा धंदाच अनोळखी माणसाला जवळ करण्यावर चालतो. परक्या गलबताला नांगर टाकू द्यायचा, त्याचा माल उतरवू द्यायचा, त्याला पाणी द्यायचं, मासळी विकायची, त्याच्याकडून कापड, तेल, लोखंड घ्यायचं. प्रत्येक व्यापाऱ्यावर संशय घेणाऱ्या बंदरात दुसऱ्या वर्षी कोणी फिरकणार नाही. राम पाटलांनी मेढेकोट उभारला तो चाच्यांसाठी. व्यापाऱ्यासाठी दार उघडं ठेवणं हा काही त्यांचा वेडेपणा नव्हता, ते त्यांचं जगणं होतं. पिरमखानाने नेमकं तेच दार हेरलं.

गोड चोराची हीच खुबी असते. तो तुमचा दोष हेरत नाही. तो तुमचा चांगला गुण हेरतो.

पुन्हा एकदा दारू

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. सिद्दी जंजिऱ्यावर पक्के बसलेत. समोरच्या किनाऱ्यावरचं दंडा-राजपुरी मराठ्यांनी घेतलंय आणि तिथून जंजिऱ्याला वेढा आहे. १६७०मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान थकून शिवाजी महाराजांशी बोलणी करायला तयार झाला होता. त्याच्याच तीन सरदारांनी त्याला कैद केलं आणि औरंगजेबाकडे मदत मागितली. या तिघांपैकी एक सिद्दी कासीम. पुढे याला याकूतखान ही पदवी मिळाली.

१६७१च्या होळीची रात्र. कासीमने डाव टाकला. त्याचा साथीदार सिद्दी खैरियत चारशे-पाचशे माणसं घेऊन जमिनीच्या बाजूने आरडाओरडा करत दंडा-राजपुरीवर चालून गेला. आतली फौज तिकडे धावली. दरम्यान स्वतः कासीम तीस-चाळीस होड्या घेऊन समुद्राच्या बाजूला गुपचूप लागला. दोर आणि शिड्या लावून त्याची माणसं तटावर चढली. लढाईत दारूकोठाराचा स्फोट झाला आणि त्या गदारोळात ठाणं पडलं.

एकीकडे आवाज, दुसरीकडे शिडी. कुठल्याही सिनेमात शोभेल अशी आखणी होती.

याचं वर्णन मुघलांचा इतिहासकार खाफी खान करतो. महाराजांबद्दल त्याला अजिबात प्रेम नव्हतं. तरी तो एक हकिकत आवर्जून सांगतो: स्फोट झाला त्याच घटकेला कित्येक कोसांवर महाराज झोपेतून दचकून उठले आणि दंडा-राजपुरीवर काहीतरी संकट आलं असं म्हणाले. माझ्यासारख्या रात्री-बेरात्री सर्व्हरच्या अलर्टने जागं होणाऱ्या माणसाला हे चटकन पटतं.

पण त्याच वर्णनात आणखी एक तपशील आहे. होळी असल्यामुळे ठाण्यातले लोक नशेत किंवा बेसावध होते.

पुन्हा दारू! १४९०ला कोळी प्यायलेले, १६७१ला मराठे प्यायलेले. होळीच्या रात्री कोकणात कोणीच घेतली नसेल, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. शिमगा काय असतो ते मला माहीत आहे. पण जरा थांबून बघा. ज्या ठाण्यातले सगळे झिंगलेले होते, ते घ्यायला कासीमला दोन दिशांनी हल्ला, पाचशे माणसांची हूल आणि चाळीस होड्या कशाला लागल्या असत्या? डाव एवढा पक्का रचावा लागला, याचाच अर्थ पहारा जागा होता. जमिनीकडून आवाज येताच आतली फौज तिकडे धावली. झिंगलेली माणसं अशी धावत नाहीत.

मराठीत 'दारू' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक पिण्याची आणि एक तोफेची. दंडा-राजपुरी तोफेच्या दारूने उडालं. गोष्टीत मात्र लक्षात राहिली ती पिण्याची.

'ओटीपी दिलाच कसा?'

आमच्याकडे सिस्टिम बंद पडली की नंतर एक बैठक होते. तिला पोस्टमॉर्टेम म्हणतात. चांगल्या टीममध्ये तिचा एक नियम असतो: कोणाच्या नावाने बोट मोडायचं नाही. 'अमुक माणसाने चूक केली' असं लिहिलं की तपास तिथेच थांबतो. एका माणसाने एक बटण चुकीचं दाबल्यावर सगळं कोसळत असेल, तर ते बटण तिथे तसं का ठेवलं होतं, हा खरा प्रश्न असतो. माणसाला मूर्ख ठरवलं की तो प्रश्न विचारावा लागत नाही.

'पहारेकरी प्यायलेले होते' हे इतिहासातलं 'अमुक माणसाने चूक केली' आहे. जिंकणाऱ्याला ते सोयीचं, कारण समोरचा लायकच नव्हता असं म्हणता येतं. हरणाऱ्याच्या वारसांनाही सोयीचं, कारण आपण शुद्धीत असतो तर हरलो नसतो असं म्हणता येतं. गैरसोय फक्त त्या पहारेकऱ्याची.

मूर्ख ठरवलं जाण्याचा आमच्या किनाऱ्याला चांगला सराव आहे. मुंबईत कोणी काही भोळं बोललं की 'अलिबाग से आया है क्या?' असं विचारतात. मी अलिबागहूनच आलोय, त्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडे 'हो' हे सरळ उत्तर असतं. या वाक्यावर बंदी घाला म्हणून २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकासुद्धा झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्यांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकंदर सूर होता. माझं मतही बंदीच्या बाजूचं नाही. पण या वाक्यात मुंबई स्वतःला काय समजते ते दिसतं. समोरच्यावर विश्वास ठेवणारा तो बावळट आणि टोपी घालणारा तो हुशार.

हे केवळ विनोदापुरतं राहत नाही. माझ्या नात्यातल्या एका काकूंना फोन आला. पलीकडचा माणूस आदबीने बोलत होता, 'मॅडम' म्हणत होता, त्यांच्या मुलाची चौकशी करत होता. वीस मिनिटांत त्यांच्या खात्यातले मासळीच्या हंगामाचे पैसे गेले. त्यांनी ते पाच दिवस कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच होता: ओटीपी दिलाच कसा? त्या गप्प का होत्या, ते त्या एका प्रश्नाने मला कळलं.

अशा फसवणुकीत १९३० या सरकारी हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे मध्येच अडवून ठेवण्याची शक्यता जास्त असते. पहिले काही तास मोलाचे. हे तास तंत्रज्ञानाअभावी जात नाहीत, लाजेपायी जातात. 'झिंगले' या एका क्रियापदाची किंमत आजही कोणीतरी मोजत असतं.

पालखी

आता याच किल्ल्यावरची दुसरी घरफोडी, म्हणजे फसलेली.

दंडा-राजपुरी गेल्यावरही महाराजांनी जंजिऱ्याचा नाद सोडला नव्हता. मुरुडसमोर समुद्रात कांसा नावाचा खडक आहे. त्यावर त्यांनी पद्मदुर्ग उभारायला घेतला. जंजिऱ्याच्या नजरेसमोर, सिद्दीच्या तोफा आणि होड्यांच्या धाकात. हे काम किती अडचणीचं होतं, ते जानेवारी १६७५च्या एका पत्रात दिसतं. पद्मदुर्गाला वेळेवर रसद पोहोचली नाही, म्हणून महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला अतिशय कडक शब्दांत झापलं आहे. सिद्दीने तुला काही देऊन फितवलं की काय, असा थेट संशय त्यात आहे. मुलाहिजा ठेवलेला नाही.

याच पद्मदुर्गावर लाय पाटील होते. जातीने कोळी. १६७६च्या सुमारास मोरोपंत पेशवे जंजिऱ्याच्या मोहिमेवर आले. परंपरेने सांगितली जाणारी हकिकत अशी: बेत ठरला की रात्रीच्या काळोखात लाय पाटलांनी होड्यांतून जायचं आणि थेट जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावायच्या. मागोमाग मोरोपंतांची फौज येईल आणि त्या शिड्यांवरून वर चढेल.

ज्यांनी तो तट पाहिलाय त्यांना कळेल की हे काय काम आहे. तटाच्या पायाशी पाय ठेवायला जमीन नाही, शेवाळलेले खडक आहेत. होडी लाटेबरोबर वर-खाली होते. तिच्यात उभं राहून, आवाज न करता, वरच्या पहारेकऱ्याला चाहूल न लागू देता शिडी टेकवायची आणि धरून ठेवायची. भरती कधी, ओहोटी कधी, वारा कुठून, हे ज्याच्या अंगात मुरलेलं आहे त्यालाच ते जमेल.

लाय पाटलांना ते जमलं. शिड्या लागल्या. आता फौज यायची.

फौज आली नाही.

पाटील वाट बघत राहिले. डोक्यावर सिद्दीचा पहारा, खाली काळं पाणी, हातात शिडी. दुसऱ्या टीमने 'आलोच' म्हणावं आणि येऊच नये, याचा अनुभव माझ्या धंद्यात सगळ्यांना आहे, पण आमच्या डोक्यावर तोफ नसते. फटफटायला लागलं तेव्हा पाटलांनी शिड्या काढल्या आणि माणसं सुखरूप परत आणली. जंजिऱ्याच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली घरफोडी अशी हात हलवत परतली.

चोरीच्या सिनेमात इथे चोर हास्यास्पद ठरतो. शिडी घेऊन रात्रभर ताटकळलेला माणूस. पण ही हकिकत रायगडावर गेली तेव्हा महाराजांनी लाय पाटलांना बोलावून त्यांचा गौरव केला. पालखीचा मान दिला. पाटलांनी तो नम्रपणे नाकारला. समुद्रावरच्या माणसाला पालखी काय कामाची? मग महाराजांनी एक गलबत बांधवून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. वर सरपाटीलकी दिली.

मला ही अख्ख्या इतिहासातली एक अत्यंत गोड गोष्ट वाटते. पालखी नको म्हणणारा कोळी आणि त्याला चालेल अशी पालखी शोधून काढणारा राजा.

तिच्यातला आणखी एक धागा सहसा कोणी ओढत नाही. राम पाटलांच्या कोळ्यांनी हे बेट १४९०च्या आसपास गमावलं. सुमारे एकशे पंच्याऐंशी वर्षांनी त्याच बेटाच्या भिंतीला रात्री शिडी लावणारा माणूसही कोळीच होता. कागदोपत्री तो सिद्दीच्या किल्ल्यात घुसत होता. कोळ्यांच्या बाजूने पाहिलं तर तो घरी चालला होता.

दोन पाटील

तिसरा प्रयत्न संभाजी महाराजांच्या काळातला. या वेळी पिरमखानाचीच युक्ती उलटी फिरवली गेली. कोंडाजी फर्जंद हा या कामातला मुरलेला गडी. १६७३मध्ये त्याने अवघ्या साठ माणसांनिशी रात्रीत पन्हाळा घेतला होता. त्या पराक्रमावर जयराम पिंड्ये यांनी संस्कृत काव्यही रचलं. हा कोंडाजी १६८१-८२च्या सुमारास संभाजी महाराजांशी बिनसल्याचं सोंग करून जंजिऱ्यात गेला. सिद्दीचा विश्वास मिळवायचा, आत राहायचं आणि संधी साधून दारूकोठार उडवायचं. गोड बोलण्यात तो यशस्वी झाला. सिद्दीने त्याला ठेवून घेतलं. पण एका दासीला बेत कळला, तिने तो फोडला आणि कोंडाजी मारला गेला. नंतर संभाजी महाराजांनी किनाऱ्यावरून बेटापर्यंत दगडांचा सेतू टाकायला घेतला. मुघल सैन्य कोकणात उतरल्याने तो डावही अर्ध्यावर सोडावा लागला.

म्हणजे जंजिऱ्याच्या गोष्टीत बाजू बदलतात, युक्त्या त्याच राहतात. व्यापारी म्हणून आलेला पाहुणा, सणाच्या रात्री लावलेली शिडी, रुसून आलेला सरदार. ज्याची युक्ती फळली तो चतुर आणि ज्याची फसली तो वेडा, असा आपला ठोकताळा असतो. मग लाय पाटील वेडे का नाही ठरले?

दोन्ही पाटलांच्या गोष्टी शेजारी ठेवा. राम पाटलांनी पाहुण्यावर विश्वास ठेवला, पाहुण्याने घात केला. लाय पाटलांनी साथीदारांवर विश्वास ठेवला, साथीदार आले नाहीत. दोघांनीही आपल्या बाजूने जे करायचं ते नीट केलं होतं. दोघांच्याही हाती शेवटी काही लागलं नाही. तरी एकाच्या वाट्याला दारूचं पिंप आलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला गलबत.

फरक त्या दोघांत नाही. फरक त्यांची हकिकत पहिल्यांदा ज्याच्या कानावर गेली त्याच्यात आहे. राम पाटलांची गोष्ट ज्यांनी बेट घेतलं त्यांच्या तोंडून पसरली. लाय पाटलांची गोष्ट एका अशा माणसापुढे गेली, ज्याने 'बेट मिळालं का?' हे विचारून थांबण्याऐवजी 'शिडी कोणी लावली?' हे विचारलं. तो प्रश्न विचारला गेला नसता, तर लाय पाटीलही आज आपल्याला रात्रभर शिडी धरून बसलेला बावळट म्हणून माहीत असते. किंवा माहीतच नसते.

काकूंच्या बाबतीत आमच्या घराने चुकीचा प्रश्न विचारला. 'ओटीपी दिलाच कसा' याऐवजी 'किती वाजता फोन आला, चल आत्ता तक्रार करू' असं कोणी म्हटलं असतं, तर पैसे परत आले असते की नाही कोण जाणे. निदान पुढचा फोन येईल तेव्हा त्या पाच दिवस थांबणार नाहीत.

गोड चोरांच्या गोष्टी मी सोडणार नाही. नवा सीझन आला की मी रात्रभर जागणार, आणि प्रोफेसरच्याच बाजूने असणार. पिरमखानाच्या तीनशे पेट्यांचं तर मला मनापासून कौतुक आहे, भले त्या कधी नसल्या तरी. पण किनाऱ्यावर प्रत्येक होडीच्या नाळेवर नाव रंगवलेलं असतं. देवाचं, आईचं, मुलीचं. राजपुरीच्या धक्क्यावर उभा राहिलो की मी ती नावं वाचत जातो. 'पालखी' अजून दिसलेली नाही.